माशी चावली? जागा नंतर बघा, आधी पोर बघा

– ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर दर अंकात आम्ही आपणाशी बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि खताचे हप्ते यांविषयी बोलत असतो. या वेळी उसाचे बोलणे थोडे बाजूला ठेवतो. मागच्या गळीत हंगामात एका सभासदाच्या फडावर आमच्या डोळ्यांदेखत एक प्रसंग घडला आणि त्यात चूक आमचीच झाली. चूक कबूल करायला हे पान वापरले म्हणून संपादक मंडळ रागावणार नाही, अशी आशा आहे.

जानेवारीतली गोष्ट. एका प्लॉटात तोड चालू होती. शेजारच्या प्लॉटाचा ब्रिक्स बघायला आम्ही आणि गटाचा चिटबॉय सकाळी अकराच्या सुमारास तिथे पोचलो. विहिरीजवळ मोटारीच्या पेटीपाशी टोळीतली तीन-चार पोरं खेळत होती. त्यातल्या एकानं पेटीचं झाकण ओढलं. आत गांधीलमाश्यांचं पोळं. बाकीची पोरं पळाली, एक सहा वर्षांचं पोर मागे राहिलं आणि त्याच्या मानेवर माशी चावली. एकच.

पोर बोंबलत आईकडे आलं. कोयते थांबले, सगळे गोळा झाले. मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. एकानं कोयत्याचं पातं जागेवर घासलं. दुसऱ्यानं डबीतला चुना लावला. कुणी म्हणालं, कांदा आणा. आम्हीही मागे नव्हतो. कृषी पदविकेला कीटकशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही मानेवरचा फुगवटा बघितला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "एकच तर चावली आहे बाई, तासाभरात उतरेल." एवढं बोलून नमुने घ्यायला वळलो.

आई मात्र मानेकडे बघतच नव्हती. ती पोराच्या तोंडाकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "ओ सायब, लेकरू रडायचं थांबलंय वो." आम्ही म्हणालो, बरं झालं की. ती म्हणाली, "बरं न्हाई सायब. ह्ये असं गप बसत न्हाई कधी." तिनं त्याचा सदरा वर केला. पोटावर, पाठीवर, काखेत लालभडक गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले होते. पोर खोकत होतं आणि आवाज बसल्यासारखा येत होता. लगेच एक उलटी झाली.

तेव्हा कुठे आमचं डोकं चाललं. कारखान्याची जीप बांधापर्यंत आलेली होती म्हणून निभावलं. मुकादम "एवढी खेप भरून होऊ द्या" म्हणत होता. त्याला तिथंच सोडून आई-पोराला गाडीत घेतलं. वाटेत पोर मान टाकू लागलं तसं आईनं त्याला मांडीवर आडवं केलं.

प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर. डॉक्टरांनी मानेवरच्या डंखाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाडी धरली, छाती तपासली आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक इंजेक्शन दिलं. दहा-बारा मिनिटांत पोराचा आवाज परत आला आणि ते मोठ्यानं रडायला लागलं. एखाद्या पोराच्या रडण्यानं एवढं हायसं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. रात्रभर त्याला ग्रामीण रुग्णालयात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोपीवर परत आलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, चावल्यापासून इथं यायला किती वेळ गेला? हिशेब केला तर पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं कोयता, चुना, कांदा आणि आमचा शहाणपणा यांत गेली होती. ती पुन्हा कुणाची जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहोत. पुढची माहिती आम्ही त्या डॉक्टरांना विचारून आणि पुस्तकांतून पडताळून घेतली आहे.

चावते कोण?

आपल्या शिवारात मधमाश्या मुख्यतः तीन जातींच्या. वडा-पिंपळाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कमानीत एकच मोठं पोळं लोंबतं ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात राहते ती सातेरी. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. यांत आग्या सर्वांत रागीट. ती थव्यानं येते आणि लांबवर पाठलाग करते.

गांधीलमाशी वेगळी. अंग चकचकीत, कंबर दोऱ्यासारखी बारीक, उडताना पाय खाली लोंबतात. तिचं पोळं कागदासारखं करडं असतं आणि त्यात मध नसतो. स्टार्टरची पेटी, कौलाखालची वासं, गेटचे पोकळ पाइप, ट्रेलरचा खालचा भाग ही तिची आवडती ठिकाणं. जाता जाता सांगतो, आम्ही खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड देतो ना, त्यावरचा ट्रायकोग्रामा हा याच गांधीलमाशीचा दूरचा भाऊबंद. तो डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा, आणि माणसाला चावत नाही. गांधीलमाशीही पिकावरच्या अळ्या उचलून नेते, तेव्हा तिलाही सरसकट शत्रू समजू नये.

पोरावर उपचार करताना दोघींतला एकच फरक उपयोगाचा. मधमाशीच्या काट्याला उलटी कुसं असतात, त्यामुळे तो कातडीत अडकून राहतो आणि माशी मरते. काट्याबरोबर विषाची पिशवीही मागे राहते आणि माशी निघून गेली तरी विष आत ढकलत राहते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असतो. तो अडकत नाही, म्हणून एकच माशी दोन-चार वेळा चावू शकते.

काटा दिसला, तर काढा, आणि लगेच काढा. काळा ठिपका आणि त्याला चिकटलेली बारीक पांढुरकी पिशवी अशी त्याची खूण. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच आत जातं. पूर्वी सांगत की चिमटीनं धरू नये, पिशवी दाबली जाऊन जास्त विष जातं, पत्त्याच्या कडेनं खरवडावं. १९९६ साली अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी स्वतःच्या हातावर मधमाश्या चावून घेऊन हे तपासलं. त्यांना आढळलं, की काटा नखानं काढा नाहीतर खरवडून काढा, फरक पद्धतीनं पडत नाही, उशिरानं पडतो. म्हणजे पत्ता शोधायला घरात पळू नये. नख आहे ना, बास.

आणि एक. मधमाशी चावली की त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. बाकीच्या माश्यांना तो "इथे चावा" असा इशारा असतो. म्हणून काटा काढायचा, पण पोराला त्या जागेवरून आधी लांब न्यायचं.

साधा डंख

बहुतेक पोरांचं एवढ्यावरच भागतं. जागा आग मारते, लाल होते, रुपयाएवढी सुजते आणि काही तासांत उतरते. साबण-पाण्यानं धुवावं. कापडात गुंडाळलेला बर्फ, नाहीतर माठातल्या पाण्याची गार पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. हात किंवा पाय असेल तर उंचावर ठेवावा. बोटात अंगठी, मनगटात बांगडी किंवा काळा दोरा असेल तर सूज येण्याआधी काढून टाकावा. दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल, तेही पोराच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये.

काही पोरांना दुसऱ्या दिवशी सूज वाढते. मनगटावर चावली तर कोपरापर्यंत हात सुजतो, पापणीजवळ चावली तर डोळा बंद होतो. घरातले घाबरतात, "विष चढलं" म्हणतात, "पू झाला" म्हणतात. ही सूज एक-दोन दिवस वाढते आणि आठवडाभरात ओसरते. पहिल्या दोन दिवसांत ती बहुधा जंतूंची नसते, तेव्हा दुकानातून कॅप्सूल आणून घालू नयेत. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढायला लागलं, ताप आला किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवावं.

आता चुना-कोयत्याविषयी. विष कातडीच्या आत गेलेलं असतं आणि ते अनेक प्रथिनांचं मिश्रण असतं. वरून लावलेला चुना, तंबाखू, रॉकेल, कांदा, घासलेलं लोखंड यांतलं काहीही तिथवर पोचत नाही. चुन्यानं आणि बिब्ब्यानं पोराची कोवळी कातडी भाजते ती वेगळीच. माती आणि शेण लावणं तर धनुर्वाताला आवतण. आमची आजीही लोखंडच घासायची आणि आम्ही बरेही व्हायचो. पण साधा डंख काही न करताही बराच होतो, हे कुणी बघत नव्हतं. खरं नुकसान त्यात जाणाऱ्या वेळाचं आहे.

अंगभर जातं तेव्हा

काही शरीरांना या विषाचं वावडं असतं, त्याला ॲलर्जी म्हणतात. अशा वेळी विष किती गेलं याला महत्त्व राहत नाही, एक डंखही पुरतो. आधी दोनदा चावली होती तेव्हा काही झालं नाही, या हिशेबावर जाऊ नये. आधीच्या डंखातच शरीरानं त्या विषाची ओळख धरून ठेवलेली असते आणि ते पुढच्या वेळी उसळतं. बहुतेकदा हे पाच ते तीस मिनिटांत सुरू होतं, क्वचित तास-दोन तासांनीही.

म्हणून डंखाची जागा सोडून द्या आणि पोराचे कपडे काढून सगळं अंग बघा. चावली मानेला आणि गांधी पोटावर, मांडीवर उठल्या, तर समजावं की बाधा अंगभर गेली. (अंगावर उठणाऱ्या या चट्ट्यांना आपण गांधी म्हणतो आणि माशीला गांधीलमाशी. नावातच खूण आहे म्हणायची.) ओठ, जीभ, पापण्या सुजल्या आहेत का बघा. आवाज घोगरा झाला, खोकला लागला, छातीत शिट्टी वाजते, गिळता येत नाही, लाळ गळते, ही श्वासाची बाधा. उलट्या, पोटात कळ, अंग गार पडणं, चेहरा पांढुरका, चक्कर, मलूल पडणं, ही रक्तदाब उतरल्याची. तान्हं पोर तर काही सांगूच शकत नाही. त्याचं रडणं बसकं झालं किंवा ते एकदम गळून पडलं तर तेवढ्यावरून ओळखायचं. रडणारं पोर चांगलं, रडता रडता गप झालेलं वाईट, हे त्या आईला आमच्या आधी कळलं होतं.

यांतलं काहीही दिसलं की घरगुती उपाय बंद आणि गाडी चालू. नुसत्या गांधी उठल्या असतील, बाकी काही नसेल, तरीही डॉक्टरांकडेच न्यावं, कारण पुढचं कधी सुरू होईल सांगता येत नाही. यावरचं औषध एकच, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. ते वेळेत मिळालं तर पोर हमखास म्हणावं इतकं सावरतं. पित्ताची गोळी, म्हणजे सेट्रिझिनसारखी, खाज कमी करते, पण बंद होत चाललेला गळा उघडत नाही. गोळी दिली आहे, बघू तासभर, असं करू नये. परदेशात पालकांना स्वतः टोचायचं पेन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, तेव्हा आपल्याला दवाखाना गाठणं हाच मार्ग.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती बोलवावी. पण फडापर्यंत यायला तिला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीनं निघावं आणि वाटेतच तिला गाठावं. कुणीतरी एकानं आरोग्य केंद्रात फोन करून डॉक्टर जागेवर आहेत ना, हे विचारून घ्यावं. नाहीतर गेलं नऊ किलोमीटर आणि दाराला कुलूप.

पोराला चालवू नये. मलूल असेल तर आडवं झोपवून पाय उंच करावेत. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. श्वासाला त्रास असेल तर त्याला बसल्यानं बरं वाटतं, तेव्हा मांडीवर टेकवून बसवावं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये उभ्यानं पोर नेणं हा शेवटचा उपाय, चारचाकी मिळत असेल तर तीच घ्यावी. पाणी, चहा, काढा काही पाजू नये. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी आणायची घाई नको. काही तासांनी बाधा पुन्हा उसळू शकते, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात. अशा पोराला पुढे ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांना एकदा दाखवावं आणि शाळेत गुरुजींनाही सांगून ठेवावं.

मोहोळ उठलं तर

इथे ॲलर्जी नसली तरी धोका आहे, कारण विषाचं माप पोराच्या वजनावर ठरतं. बापाला वीस माश्या चावल्या तर तो ताप काढून उठेल. बारा किलोच्या पोराला त्याच वीस भारी पडतात. दहाच्या वर डंख असतील तर पोर वरून बरं दिसलं तरी रुग्णालयात दाखवावं, तान्ह्याला चार-पाच असले तरीही. खूप डंखांनी रक्तपेशी आणि स्नायू फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. पुढचे दोन-तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवावं. ती कोऱ्या चहासारखी लाल-काळी झाली किंवा कमी झाली तर तडक रुग्णालय.

मोहोळ उठलं की हात झाडत उभं राहायचं नाही. पोराला उचलायचं, त्याचं तोंड पदरानं किंवा टॉवेलनं झाकायचं आणि घर, गाडीची केबिन, जे बंद करता येईल ते गाठायचं. जवळ काहीच नसेल तर गोधडी पांघरून लांब निघायचं. विहिरीत उडी मारायची जुनी सवय मात्र सोडावी. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि पोर बुडतं. एक विनंतीही करून ठेवतो, रागावू नका. पाचट जाळू नका म्हणून आम्ही वर्षभर ओरडतो ते जमिनीसाठी, पण बांधाच्या झाडावर आग्यामोहोळ असेल तर तो धूर कोप्यांवरच्या पोरांना महागात पडतो.

तोंडात चावलेली एकही माशी अंगावरच्या दहांच्या बरोबरीची. रसवंतीवर, गुऱ्हाळावर, कारखान्याच्या आवारात माश्या गोडाला येतात, पेल्यात पडतात आणि पोर तसाच घोट घेतं. जीभ किंवा घसा सुजला तर श्वासाची वाट अडते. थोड्या मोठ्या पोराला बर्फाचा खडा चोखायला द्यावा आणि त्याच पायी निघावं. बुबुळावर चावली तर चोळू नये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.

आणि माशी कुणी पाहिलीच नसेल तर? पोर पाचटात खेळत होतं, ओरडलं आणि मोठ्यांनी "माशी असेल" म्हणून सोडून दिलं, असं होतं. पाचटात विंचू असतो, घोणसही असते. पोराला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर तो विंचू समजावा. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेलं प्राझोसिन हे औषध आपल्या सरकारी दवाखान्यांत वापरतात. दोन बारीक छिद्रं, वाढती सूज, रक्त थांबत नाही, तर साप. ओळख पटत नसेल तर ती पटवत बसू नये, न्यावं.

आता थोडं आधीचं काम. तोड येण्याच्या आदल्या आठवड्यात शेताचे मालक म्हणून विहीर, पेटी, गेट, झोपडी, बांधावरची झाडं एकदा डोळ्यांखालून घाला आणि पोळं कुठं आहे ते मुकादमाला दाखवून ठेवा. टोळीतली पोरं आपल्या रानात नवखी असतात, त्यांना कुठली पेटी उघडू नये हे कोण सांगणार? पोळं काढायचंच असेल तर जाणत्या माणसाकडून, पोरं जवळ नसताना. रॉकेलचा टेंभा लावून मोहोळ जाळू नये. कांद्याच्या बियाण्याला, सूर्यफुलाला, डाळिंबाला या माश्या लागतातच. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मोहोळ न जाळता कसं हलवायचं हे शिकलेली माणसं आता बऱ्याच तालुक्यांत आहेत.

आमच्या गटात आम्ही आता एक केलं आहे. ज्या सभासदांनी परवानगी दिली, त्यांच्या मोटारीच्या पेटीच्या झाकणावर जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन आणि १०८ हे आकडे ऑइलपेंटनं लिहून दिले आहेत. इतर गटांतल्या सभासदांना हवं असेल तर चिटबॉयकडे सांगावं, रंग आमच्याकडे आहे. फक्त आकडे बाहेरच्या बाजूनं लिहून घ्या, आणि झाकण उघडण्याआधी काठीनं एकदा वाजवून बघत चला.